हाताला विद्या, घराला उजेड
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिन म्हटला की आपण वर्षभराच्या कामाचा हिशेब मांडतो. वर्गणी किती जमली, खर्च किती झाला, छताचे काम कुठवर आले. तो हिशेब कमिटीने मांडलाच आहे. आम्ही आज दुसरा एक हिशेब मांडणार आहोत. आपल्या हाताला काय येते आणि काय येत नाही, याचा हा हिशेब आहे.

आपल्यापैकी निम्मी घरे कोकणातली. दापोली, मंडणगड, खेड, महाड, माणगाव. तेव्हा ३ जून २०२० हा दिवस कुणी विसरला नसेल. लॉकडाऊन चालू होता. मुंबईत रोजगार बंद म्हणून कितीतरी मंडळी गावी जाऊन राहिली होती. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आले. रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब काडीसारखे मोडले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, त्या तालुक्यालाही जबर तडाखा बसला. कितीतरी गावांत वीज परत यायला आठवडेच्या आठवडे लागले. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही, मोबाईल बंद म्हणून मुंबईच्या माणसाला खबर नाही. पुढे २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेले, तेव्हा हेच पुन्हा घडले.

अशा वेळी आपण काय करतो? वाट बघतो. लाईनमन कधी येईल, टँकर कधी येईल, मदतीची गाडी आधी कोणत्या वाडीत जाईल. आणि गाडी आधी कोणत्या वाडीत जाते, बौद्धवाडीचा नंबर कितवा लागतो, हे आम्ही इथे सांगायला नको. ज्याचं जळतं त्याला कळतं. म्हणून आजचा विषय असा घेतला आहे: चार दिवस, चार आठवडे, वेळ पडली तर त्याहून जास्त, तारेवाचून आणि टँकरवाचून घर चालवता येईल अशी विद्या आपल्या हाताला कशी लागेल?

विषय मांडला की लगेच एक आक्षेप येतो. आम्ही तो अनेकदा ऐकला आहे, आणि तो खोटा नाही. जुनी माणसे म्हणतात, "अहो, आमच्या बापजाद्यांनी हातानेच मर-मर केली. लाकडे फोडली, सांगावे नेले, मेली गुरे ओढली. पोरांनी शिकून खुर्चीत बसावं म्हणून आम्ही पोटाला चिमटा काढला. आता तुम्ही पुन्हा त्यांच्या हातात पाना-पक्कड देता?"

या आक्षेपाला नीट उत्तर दिले पाहिजे. स्वयंपूर्ण खेडे म्हणून एक सुंदर चित्र पुष्कळ लोक रंगवत होते. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्या चित्रामागचे सत्य उघड केले. खेडे म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता यांचे घर आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कारण त्या स्वयंपूर्णतेत प्रत्येकाचे काम जन्माने ठरलेले होते. गाव 'पूर्ण' व्हायचे ते आपल्या माणसांच्या फुकटच्या राबण्यावर. महार वतनाच्या त्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडले होते. कायद्याने ती कनिष्ठ वतने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडले. ते पाहायला बाबासाहेब नव्हते.

तेव्हा ती जुनी स्वयंपूर्णता आपल्याला नको, ही गोष्ट पहिल्यांदाच पक्की करू या. पण मग फरक काय? वतनाचे काम दुसऱ्याने ठरवलेले, दुसऱ्यासाठी, आणि नाही म्हणायची सोय नसलेले. आम्ही जे म्हणतो ते काम आपण निवडलेले, आपल्या घरासाठी, आणि ते का व कसे चालते हे समजून घेतलेले. गुलामाला हात होते, पण हातातल्या कामाचे शास्त्र त्याच्यापासून लपवलेले होते. हात आणि डोके यांची ती फारकत मोडणे, हेच तर शिक्षण!

आणखी एक गोष्ट. बाबासाहेब यंत्राच्या विरोधात नव्हते. माणसाला विचार करायला, वाचायला, माणूस म्हणून जगायला फुरसत लागते आणि ती फुरसत यंत्रच देऊ शकते, असे त्यांचे मत होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना देशाला वीज मुबलक आणि स्वस्त कशी मिळेल याचा त्यांनी पाठपुरावा केला. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच खात्याच्या अखत्यारीत. म्हणून आम्ही चरख्याकडे चला म्हणत नाही. आम्ही सौरपट्टी, बॅटरी, मल्टीमीटर आणि सिमेंट यांची भाषा करतो आहोत.

भगवंतांच्या शिकवणीतही याला आधार आहे. महामंगल सुत्त आपण दर पौर्णिमेला म्हणतो. त्यात बहुश्रुतपणाच्या जोडीनेच शिल्प, म्हणजे हाताचे कसब, मंगल म्हणून सांगितले आहे. ज्ञान आणि कसब शेजारी-शेजारी बसवले आहेत, एक उच्च आणि एक नीच असे नाही. सुत्त पाठ आहे, आता त्याचा अर्थही उचलू या.

ही विद्या शिकायची कुठे? महाराष्ट्रात याची चांगली परंपरा आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचे आणि आरोग्याचे व्यवहारी ज्ञान द्या अशी मागणी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतली मुले स्वतः राबून शिकली. पुढचे मोठे उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत पीएच.डी. केलेले शास्त्रज्ञ. मुंबईतली मोठ्या कंपनीची नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली, नापास म्हणून घरी बसलेली मुले तिथे एक वर्ष राहून शिकू लागली. अभ्यासक्रमाचे चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन. एकच मुलगा वेल्डिंग शिकतो, विटेची भिंत बांधतो, वायरिंग करतो, मातीची तपासणी करतो आणि शेळीही सांभाळतो. एकच धंदा शिकवून त्याला त्यात कोंडायचे नाही, हा कलबागांचा आग्रह. आपल्या समाजाला या आग्रहाचे मोल जास्त कळेल, कारण एका धंद्यात जन्मभर कोंडणे म्हणजे काय ते आपण भोगले आहे. डॉ. कलबाग २००३ साली गेले, पण हाताने करता करता शिकण्याची त्यांची पद्धत पुढे अनेक शाळांत पोहोचली.

दुसरे उदाहरण राजस्थानातले. अजमेर जिल्ह्यातले तिलोनिया. बंकर रॉय यांनी १९७२ साली तिथे सुरू केलेल्या कामातून 'बेअरफूट कॉलेज' उभे राहिले. तिथे निरक्षर आणि अल्पशिक्षित बायकांना, त्यांत कितीतरी आज्या, सहा महिन्यांत सौरदिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकवली गेली. आफ्रिकेतल्या खेड्यांतूनही बायका आल्या. भाषा एकमेकींची येत नाही, तर तारांचे रंग आणि हाताच्या खुणा यांवर शिकवणे झाले. गावी परत जाऊन त्यांनी घराघरांत दिवे लावले. तेव्हा "मला वाचता येत नाही, मला काय जमणार?" असे आपल्या महिला मंडळातल्या कुणी म्हणू नये!

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. आम्ही चार गोष्टी सांगतो: उजेड, पाणी, संडास आणि प्राथमिक उपचार. विळीवर भाजी चिरायला जशी सवयीने येते तशा या चारही येतात.

पहिला उजेड. दुकानदार सांगेल ते घेऊ नका, आधी कागद-पेन्सिल घ्या. गावच्या घरात ५ वॅटचे ३ एलईडी दिवे ४ तास लागले तर ६० वॅट-तास झाले. १५ वॅटचा डीसी पंखा ६ तास चालला तर ९०. दोन मोबाईल चार्ज करायला धरा २०. बेरीज झाली १७०. आपल्याकडे उघड्या दिवसात साधारण ५ तासांचे पूर्ण ऊन धरतात. १०० वॅटची सौरपट्टी घेतली तर कागदावर ५०० वॅट-तास दिसतात, पण उष्णता, धूळ, तारा आणि बॅटरी यांत तिसरा हिस्सा सहज जातो. उरले ३३० च्या आसपास. म्हणजे गरजेच्या जवळपास दुप्पट. एवढे कशाला? तर आषाढात कोकणात ढग हटत नाहीत, तेव्हा हेच उत्पन्न अगदी खाली येते. त्या दिवसांत पंखा बंद, फक्त दिवे आणि मोबाईल.

बॅटरीचा हिशेबही असाच. १७० ला १२ व्होल्टने भागले की १४ अँपिअर-तास. दोन दिवस ऊन नाही असे धरा, म्हणजे २८. साधी शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून त्याच्या दुप्पट, ५६. बाजारात ६० ची घ्यावी. मल्टीमीटर लावून बघायला शिका. आराम दिलेल्या बॅटरीवर १२.७ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली, १२.२ ला आली तर निम्मी झाली, आता जपून. जोडताना आधी बॅटरी चार्ज कंट्रोलरला, मग सौरपट्टी, शेवटी दिवे. काढताना उलट. पट्टीचे तोंड दक्षिणेला, उतार १८ ते २० अंश. बोल्ट असे आवळा की वादळात पट्टी शेजारच्या वाडीत जाता कामा नये.

१२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून गाफील राहू नका. तारा एकमेकींना चिकटल्या तर आग लागते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, म्हणून हवा खेळती ठेवा आणि तिथे विडी-सिगारेट नको. घरातल्या २३० व्होल्टच्या लाईनला मात्र परवाना असलेल्या वायरमनशिवाय हात लावायचा नाही. हौस म्हणून जीव घालवायचा नाही.

दुसरे पाणी. कोकणचे दुःख काय? पावसात छपराच्या पागोळ्यांखाली उभे राहवत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यात हंडा घेऊन बायका उतारावरून विहिरीवर. हिशेब करू. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. २० चौरस मीटरचे छोटे छप्पर आणि हंगामाचा ३००० मिलिमीटर पाऊस धरला, पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ४८,००० लिटर! पाच माणसांना पिण्याला आणि स्वयंपाकाला दररोज माणशी ५ लिटर धरले तर १०० दिवसांना २५०० लिटर पुरतात. म्हणजे जे छपरावरून वाहून जाते त्याचा विसावा भाग अडवला तरी आपल्या आई-बहिणींचा उन्हाळा सुटला.

त्यासाठी ३००० लिटरची फेरोसिमेंटची टाकी घरच्या घरी बांधता येते. लोखंडी जाळी, तिच्यावर कोंबडीची जाळी, आणि दोन्ही बाजूंनी सिमेंट-वाळूचा घट्ट थर. भिंत जेमतेम इंचभर जाडीची. खरे काम पुढचे आहे. निदान दहा-पंधरा दिवस ती ओली ठेवायची. ज्यांनी पाणी मारायचा कंटाळा केला त्यांची टाकी तडकली म्हणून समजा. छपराला पन्हळ लावा, पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडा, कारण त्यात धूळ, पाने आणि पक्ष्यांची घाण असते. टाकी शेवटी भाद्रपदाच्या पावसाने भरून घ्या. तोंडाला बारीक जाळी आणि घट्ट झाकण, नाहीतर डास. छप्पर जुन्या सिमेंट-अॅस्बेस्टॉसच्या पत्र्याचे असेल तर ते पाणी पिण्याला घेऊ नये. पाणी उकळायला सरपण नसेल, तर स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या एक-दोन लिटरच्या बाटल्यांत भरून कडक उन्हात ६ तास आडव्या ठेवा, ढगाळ असेल तर दोन दिवस. जंतू मरतात. पाणी मात्र गढूळ नको, आधी फडक्याने गाळून निवळू द्या.

तिसरी गोष्ट बोलायला लोक लाजतात. आम्ही लाजणार नाही. संडास. सेप्टिक टाकी बांधली की ती कधीतरी उपसावी लागते, आणि उपसायला कुणाला बोलावतात? आपल्याच बांधवांना. टाकीतल्या विषारी वायूने माणसे मरतात. २०१३ साली कायदा होऊनही मेली. म्हणून गावी घर बांधताना दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधा. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचे आणि पहिला बंद करून दीड-दोन वर्षे तसाच सोडायचा. मैल्याची माती होते, वास नाही, घाण नाही, ती झाडाला घालता येते. खड्ड्याचे बांधकाम जाळीदार, तळ मातीचा, आणि विहिरीपासून निदान १५ मीटर लांब. हे काम शिकलेला गवंडी आपल्या माणसांना एका जुन्या नरकातून सोडवतो, असे आम्ही मानतो.

चौथी गोष्ट थोडक्यात. पुरात रस्ता तुटला की दवाखाना तुटतो. जुलाब लागलेल्या लेकराला १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट-घोट पाजायचे. चमचा चहाचा, आणि मीठ जास्त होता कामा नये. सर्पदंश झाला तर मांत्रिक नको, जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायचे नाही. माणसाला चालू न देता, हात किंवा पाय हलू न देता सरकारी दवाखान्यात न्यायचे, कारण औषध तिथे आहे. कोणते काम आपल्या हातचे नाही, हे ओळखणे हाही कसबाचाच भाग आहे.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कुणी म्हणेल, "तुमचं तुम्ही भागवता ना? मग नळ कशाला, खांब कशाला?" सावध असा! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते आपल्या लोकांना पाणी मिळत नव्हते एवढ्याचसाठी नव्हे. सार्वजनिक तळ्यावर आपला माणूस म्हणून हक्क आहे, हे सिद्ध करायला गेले. घरच्या टाकीत पाणी आले म्हणून तळ्यावरचा हक्क सोडायचा नसतो. घरी सौरदिवा लागला तरी वाडीत खांब पाहिजे, रस्त्यावर दिवा पाहिजे, नळयोजनेत नाव पाहिजे. उलट आम्ही तर असे म्हणतो की ज्याच्या घरात चार दिवसांचे पाणी आणि उजेड आहे, तोच ग्रामसभेत ताठ उभा राहून भांडू शकतो. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याला आवाज चढवता येत नाही.

कमिटीपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. एक, वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर रविवारी वंदनेनंतर दोन तास कसबाचा वर्ग घ्यावा. आपल्याच वस्तीत निवृत्त वायरमन, गवंडी, फिटर, परिचारिका आहेत. गुरू बाहेरून आणायला नकोत. वर्गात निम्म्या मुली आणि बायका असाव्यात, कारण गावी घर त्याच सांभाळतात. दोन, विहारात एक अवजारपेटी असावी: मल्टीमीटर, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, पाने, करवत, थापी, ओळंबा, लेव्हल. ग्रंथालयातल्या पुस्तकासारखी वहीत सही करून न्यायची आणि पुसून परत ठेवायची. तीन, वर्ग नुसता फळ्यावर नको. पहिल्या वर्षी विहारातच एक सौरदिवा आणि पन्हळ बसवा, आणि दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा बौद्धवाडीतल्या समाजमंदिराला एक टाकी बांधून या. करून बघितलेले विसरत नाही. आणि ज्या मुलाचा हात चांगला बसेल त्याला तिथेच थांबवू नका. त्याला आयटीआयला घाला, डिप्लोमाला घाला, इंजिनिअर करा. कसब ही पायरी आहे, कुंपण नाही.

भगवंतांनी शेवटच्या दिवसांत आनंदाला स्वतःच स्वतःचा आधार व्हायला सांगितले. आपण त्या वचनाचे फलक लावतो, ते चांगलेच आहे. पण पुढचे वादळ फलक वाचून थांबणार नाही. ते येईल तेव्हा आपल्या वाडीतल्या एखाद्या घरात दिवा लागलेला असावा, त्या उजेडात शेजारचे चार जण येऊन बसावेत, टाकीतले पाणी कुणाची जात न विचारता दिले जावे, आणि तो दिवा आपल्याच लेकीने जोडलेला असावा. एवढे झाले तरी या वर्धापनदिनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

 वर्गाला नावे देणाऱ्यांनी कार्यक्रम संपल्यावर महिला मंडळाच्या टेबलाजवळ यावे.

नमो बुद्धाय! जय भीम!